खांदा न उचलता पॅडलबोर्ड कसा चालवायचा: कर्ली खाडीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तारकर्लीच्या दक्षिणेला देवबाग म्हणजे वाळूची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. खाडीच्या बाजूला पाणी शांत असतं, कडेला कांदळवन आहे आणि सकाळी वारा सुटायच्या आधी तिथे पॅडलबोर्ड घेऊन फिरणं यासारखं सुख नाही. विजय (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तिथे पर्यटकांना उभ्याने चालवायच्या पॅडलबोर्डवरून खाडी दाखवतो. एका वेळी चार-पाच माणसं, साधारण ३ किलोमीटरचा फेरा, मध्ये खंड्या आणि बगळे बघायला थांबे. तो सगळ्यांत पुढे असतो आणि दर मिनिटाला मागे वळून माणसं मोजतो.

चाळिशी ओलांडल्यावर त्याच्या उजव्या खांद्यातली कंडरा फाटली. डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन कदाचित टळेल, पण हात खांद्याच्या वर नेऊन पुन्हा पुन्हा जोर लावणं बंद. पॅडलबोर्डचं वल्हं माणसाच्या उंचीपेक्षा वीतभर लांब असतं. वरचा हात कपाळाच्या पातळीला जातो आणि तिथून खाली दाबतो. मिनिटाला ४० फटके धरले आणि फेऱ्यातली निव्वळ वल्हवणी पाऊण तासाची धरली, तर १८०० वेळा. बाजू बदलत राहावी लागते, नाहीतर बोर्ड गोल फिरतो, म्हणजे त्यातले निम्मे फटके दुखऱ्या खांद्याच्या वाट्याला येणार.

मी कोल्हापूरचा. यंत्रांची डिझाइनं करणं हा माझा व्यवसाय आणि तिथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत कामं करून घेण्याची २० वर्षांची सवय. विजयकडे मी आधी पर्यटक म्हणून गेलो होतो. त्याचा फोन आला तेव्हा त्याचं मागणं एका वाक्याचं होतं: वल्हं न मारता बोर्ड चालेल असं काही करता येईल का?

अडचण नेमकी काय होती

पहिला प्रश्न मीच विचारला: बसून चालवायची कायाक का नको? पायांनी चालणाऱ्या कायाक मिळतात, त्यात खांद्याला काहीच त्रास नाही. त्याचं उत्तर मालवणीत आलं, "माका उभ्यानच व्हया. बसलंय तर मागचो माणूस दिसना नाय." दुसरंही एक कारण त्याने नंतर पाण्यावर दाखवलं. उभ्या माणसाला पाण्याखालची वाळूची पुळण आणि कालवांचे खडक १०-१५ मीटर आधी दिसतात. बसलेल्याला फक्त पाण्यावरची चकाकी दिसते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ज्या खाडीत ठिकठिकाणी गुडघाभर पाणी उरतं, तिथे वाटाड्या उभाच असला पाहिजे. हे पटल्यावर कायाकचा विषय मी पुन्हा काढला नाही.

मग अटी ठरल्या. हात कमरेच्या आसपास राहिले पाहिजेत. बोर्डाखाली ३० सेंमीपेक्षा जास्त काही लोंबता कामा नये. आवाज नको, कारण लोक पक्षी बघायला येतात. त्याच्याकडे असलेल्या हवा भरायच्या बोर्डलाच, म्हणजे १० फूट ६ इंच लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड बोर्डला, ते बसलं पाहिजे. आणि बिघडलं तर मालवण-कुडाळात दुरुस्त झालं पाहिजे.

समोर असलेले पर्याय

विजेची मोटर हा सगळ्यांत सोपा रस्ता होता. बोर्डच्या खालच्या पंखात बसवलेल्या छोट्या मोटरी बाजारात मिळतात. विजयने तो पर्याय एका संध्याकाळीच बाजूला ठेवला. खाऱ्या पाण्यात बॅटरी सांभाळायची, रोज चार्जिंग करायचं, आणि ती मधेच बंद पडली तर सुकतीच्या ओढीत पर्यटक घेऊन उभं राहायचं, हे त्याला नको होतं. त्याहून मोठी गोष्ट त्याने हळूच सांगितली: त्याला स्वतःच्या अंगाच्या जोरावर पाण्यात जायचं होतं.

पायांनी चालणारे बोर्ड जगात आधीपासून आहेत. अमेरिकेतल्या होबी कंपनीने १९९७ मध्ये कायाकसाठी मिराजड्राइव्ह आणलं. त्यात पेडल मारलं की बोटीखालचे दोन पंख पेंग्विनच्या पंखांसारखे आडवे झुलतात. पुढे त्याच तत्त्वावर त्यांनी उभ्याने पाय दाबत चालवायचा एक्लिप्स नावाचा बोर्ड काढला. कल्पना सुरेख आहे. पण तो वेगळा, कडक बोर्ड, परदेशातून आणायचा, आणि पंख पोटाखाली झुलतात म्हणजे त्यांना खोली लागते. आमच्या अटीत बसत नव्हतं, तरी पायांची कल्पना माझ्या डोक्यात रुजली ती तिथूनच.

प्रोपेलरचा मोह मला फार झाला. कमी ताकदीत जास्त ढकल हवी असेल तर मोठ्या व्यासाचा, हळू फिरणारा प्रोपेलर अजोड असतो. एमआयटीच्या मंडळींनी बनवलेल्या डेकाव्हिटेटर या पायडलच्या हायड्रोफॉइल (पाण्याखालच्या पंखांवर वर उचलल्या जाणाऱ्या) बोटीने १९९१ मध्ये मार्क ड्रेला यांच्या पायांवर १८.५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३४ किमी वेग गाठला. तिचा प्रोपेलर तर पाण्यात नव्हे, हवेत फिरत होता. मात्र पाण्यातला मोठा प्रोपेलर म्हणजे पुन्हा खोली, आणि कर्लीत जाळ्यांचे तुकडे आणि नायलॉनची दोरी पाती धरायला टपलेली असते. अडकलेला प्रोपेलर सोडवायला पाण्यात उतरावं लागतं. माशासारख्या डावी-उजवी हलणाऱ्या शेपटीवरची दोरी बहुतेक वेळा आपोआप घसरून जाते. म्हणून ढकल शेपटीनेच द्यायची, हे ठरलं. चिनी होड्यांच्या मागे 'यूलो' नावाचं एकच लांब वल्हं आडवं हलवून होडी पुढे नेतात, त्यामागचं तत्त्व तेच: पातं डावीकडे जाताना एका कोनात तिरपं, उजवीकडे येताना उलट कोनात, आणि दोन्ही वेळा पाणी मागे.

शेपटी ठरली. ती हलवायची कशाने, हा निर्णय मी घाईत घेतला.

पहिला नमुना: पाय

माझा विचार सरळ होता. माणसाचे सगळ्यांत ताकदवान स्नायू मांड्यांचे, विजयचे पाय धडधाकट, मग पायच वापरू. बोर्डच्या मध्यभागी दोन पायपट्ट्या, मध्ये कप्पी आणि दोरी. एक पट्टी दाबली की दुसरी वर येते, आणि त्या हालचालीवर मागची शेपटी डावी-उजवी होते. ३०४ स्टीलची चौकट आणि बॉल बेअरिंग. उद्यमनगरात तीन आठवड्यांत तयार झालं. राधानगरीवरून फोंडा घाट उतरून गाडीच्या डिकीत ते देवबागला नेलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

विजय त्यावर उभा राहिला. पहिलं पाऊल दाबलं, बोर्ड डावीकडे कलला. दुसरं दाबलं, उजवीकडे कलला. चौथ्या पावलाला तो पाण्यात होता. दुसऱ्यांदा सात पावलं झाली. मग त्याचा पुतण्या चढला, वय १९, तोल मांजरासारखा. तो ५० मीटर गेला, पण त्याची मान आणि खांदे सारखे आखडलेले होते. किनाऱ्यावर आल्यावर म्हणाला, "पाय दमनत नाय, पण जीव दमता."

मी समोर पकडायला दांडा लावला. फारसा फरक पडला नाही. त्याचं कारण तेव्हा मला कळलं नव्हतं, रात्री कळलं. दांडा बोर्डलाच जोडलेला आहे, बोर्ड कलला की दांडाही कलतो. तो धरून शरीर आणि बोर्ड एकमेकांना घट्ट होतात, पण पाण्याचा आधार त्यातून मिळत नाही.

विजयने मात्र किनाऱ्यावर टॉवेलने डोकं पुसता पुसताच सांगून टाकलं होतं: "पाय कामाक लागले, मगे तोल कोण सांभाळतलो?"

निर्णयाचा पहिला टप्पा: रात्रीचं गणित

जे काम मी कोल्हापूर सोडण्याआधी करायला हवं होतं ते त्या रात्री विजयच्या पडवीत बसून केलं. विजय ७८ किलो, बोर्ड आणि सामान मिळून २० च्या आसपास. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बोर्डपासून जवळपास एक मीटर उंच. ३२ इंच, म्हणजे ८१ सेंमी रुंदीचा आधार घेऊन बोटीची आडवी स्थिरता काढतात तशी काढली, तर उत्तर शून्याच्या जवळ आलं. म्हणजे त्या बोर्डवर पुतळा उभा केला तर तो पडण्याच्या बेतातच असतो. माणूस पडत नाही याचं कारण घोटे. घोटे प्रत्येक क्षणी थोडं इकडे, थोडं तिकडे दाबत असतात आणि आपल्याला ते जाणवतही नाही.

पायपट्टीवर दोन वाईट गोष्टी एकदम घडत होत्या. प्रत्येक पावलाला शरीराचा भार मध्यरेषेपासून १०-१२ सेंमी बाजूला जात होता. आणि तो धक्का सावरणारे घोटे नेमके त्याच वेळी पट्टी दाबण्यात गुंतलेले होते.

मग लांबीच्या दिशेने तेच गणित केलं. तरंगणाऱ्या फळीची त्या-त्या दिशेची ताठरता रुंदी आणि लांबीच्या घनावर जाते. आयताकृती फळी धरली तर लांबीची ताठरता रुंदीच्या ताठरतेच्या (लांबी भागिले रुंदी) वर्गाइतकी पट, म्हणजे इथे १५ पट. टोकं निमुळती असल्यामुळे थोडी कमी धरा, तरी १० पटीच्या वरच. ज्या बोर्डवर बाजूला वीतभर झुकलं की पडायला होतं, त्याच बोर्डवर पुढे-मागे झुकलं तर तो जेमतेम नाक हलवतो.

म्हणजे शरीर हलवायचंच असेल तर ते लांबीच्या दिशेने हलवायचं, आणि तळवे जागचे हलवायचे नाहीत. पुढची सगळी रचना या एका ओळीवर उभी राहिली.

निर्णयाचा दुसरा टप्पा: किती ताकद पुरेल

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही साधी गोष्ट केली. विजयच्या ओळखीच्या एका होडीमागे बोर्ड बांधला, विजय त्यावर उभा, आणि दोरीत सामान तोलायचा स्प्रिंग काटा. वेग मोबाइलच्या जीपीएसवर. ताशी ४ किमीला काटा सव्वा किलोच्या आसपास थरथरत होता. ६ किमीला साडेतीन किलोच्या जवळ गेला. वेग दीडपट, ओढ जवळपास तिप्पट, आणि लागणारी ताकद चौपट: अंदाजे १४ वॅटवरून ५८ वॅट.

हा आकडा पाहून माझा जीव भांड्यात पडला. पर्यटकांबरोबर विजयला ४ किमीच्या वर जायचंच नसतं. शेपटी आणि जोडण्यांत निम्मी ताकद वाया गेली तरी ३० वॅट पुरे. म्हणजे मांड्यांच्या ताकदीची गरजच नव्हती. "पाय ताकदवान म्हणून पाय" हा माझा पहिला युक्तिवाद उत्तर म्हणून बरोबर होता, पण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नव्हता.

दुसरा नमुना: हापशीसारखा दांडा

बोर्डच्या मध्यापासून थोडा पुढे एक दांडा, खाली बिजागरीवर, वर कमरेच्या उंचीला आडवी मूठ. एक पाय थोडा पुढे, एक मागे. हापशीवर पाणी काढताना अंग टाकतो तसं पुढे झुकून ढकलायचं, मागे रेलून ओढायचं. कोपरं अंगाला लागूनच राहतात. दांड्याच्या खालच्या भागापासून बोर्डवरून मागे जाणारी एक सळई, ती शेपटीचा हात डावा-उजवा करते. मुठीची चाल ४० सेंमी, मिनिटाला ३५ ते ४० फेरे. हिशोबाने प्रत्येक ढकलीला सहा किलोच्या आसपास जोर लागतो, आणि तो हाताचा नसून बहुतांशी अंगाच्या वजनाचा असतो.

शेपटीचं पातं जाड रबरी पट्ट्याचं केलं. पुढची कड कडक, मागची लवचीक, म्हणजे प्रत्येक फटक्याला तिरपा कोन आपोआप साधतो. खोली २८ सेंमी. वळण्यासाठी मूठ पिळायची. त्याने सायकलच्या ब्रेकसारख्या केबलमधून शेपटीचा मधला बिंदू बाजूला सरकतो.

डिसेंबरच्या एका सकाळी विजय त्यावर उभा राहिला आणि जेटीपासून निघाला. पाच-सहा झोके अडखळले. मग त्याच्या पाठीला लय सापडली. पाण्यावर मागे नागमोडी रेघ उमटत होती, आवाज फक्त पात्याच्या सळसळीचा. १०० मीटर गेल्यावर त्याने वळून पाहिलं आणि उजवा हात मुठीवरून काढून हलवला. तो हात त्याने खांद्याच्या वर नेला नाही, कमरेजवळूनच हलवला. मला ते दृश्य विसरता येत नाही.

एक शंका मला होती. शेपटी डावी-उजवी पाणी मारते, तर तिच्या आडव्या धक्क्याने बोर्ड कलणार नाही का? कलतो. पण हिशोब केला तर तो धक्का म्हणजे शरीराचा भार मध्यापासून दीड-दोन सेंमी सरकण्याइतका. पायपट्टीच्या १०-१२ सेंमीपुढे हे किरकोळ, आणि आता घोटे सावरायला मोकळे होते. बोर्डचं नाक मात्र प्रत्येक फटक्याला इकडेतिकडे हलायचं. दोन शेपट्या एकमेकींविरुद्ध हलवल्या असत्या तर आडवे धक्के एकमेकांत जिरले असते. पण त्यांच्यामधल्या फटीत शेवाळ आणि दोरी अडकली असती. आम्ही एकच ठेवली आणि मधला स्थिर पंख मोठा केला. हलणं कमी झालं, गेलं नाही.

काय काय बिघडलं

मीठ पहिलं आलं. तीन आठवड्यांनी बिजागरीतल्या बेअरिंगमधून चहाच्या रंगाचं पाणी गळायला लागलं, पाचव्या आठवड्यात ती जाम झाली. वाळूचा एकेक कण आत जाऊन बसला होता. मी सगळी बॉल बेअरिंग काढून टाकली आणि कास्ट नायलॉनचे बुश, म्हणजे पिनेभोवती बसणाऱ्या नळ्या, लेथवर काढून घेतले, पिन ३१६ स्टीलच्या. त्यांना वंगण लागत नाही, गोड्या पाण्याने धुतलं की काम झालं. खाऱ्या पाण्यात सावकाश हलणाऱ्या सांध्याला बॉल बेअरिंग ही चूकच होती. तिथली मंडळी कप्प्यांना नायलॉन वापरतात हे माझ्या डोळ्यांसमोर होतं.

हवेच्या बोर्डला भोक पाडता येत नाही. पहिल्या वेळी चौकट पट्ट्यांनी आवळली होती, ती ओली झाल्यावर प्रत्येक ढकलीला बोटभर सरकायची आणि तेवढा झोका वाया जायचा. शेवटी पीव्हीसीचे कडीवाले तुकडे चिकटवले, गोंद पुरता वाळायला दोन दिवस दिले, आणि वर एचडीपीई या कडक प्लॅस्टिकची जाड पाटी ठेवून तिला चौकट कसली. झोक्याची चाल तिथेच सुधारली.

तिसरी गोष्ट गंभीर होती. जानेवारीत एका बोटीच्या लाटेने विजय पुढे तोंडावर पडला आणि त्याची छाती उभ्या दांड्याच्या मुठीवर आपटली. लाइफ जॅकेट होतं म्हणून बरगड्या वाचल्या, पण दहा दिवस तो नीट झोपू शकला नाही. पडणाऱ्या माणसासमोर मी एक उभी सळई रोवून ठेवली होती आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी काम थांबवलं. दांड्याच्या मध्यावर सांधा घातला: नेहमीच्या जोराला स्प्रिंग तो ताठ धरते, पण वरून माणूस कोसळला की तो मोडल्यासारखा खाली झुकतो. मुठीवर जाड रबर चढवलं. मग विजय मुद्दाम, उथळ पाण्यात, वेगवेगळ्या बाजूंनी २० वेळा पडला. ही चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

चौथं काम

पहिल्या फसलेल्या नमुन्यानंतर मी वहीत लिहिलं होतं की वल्हं तीन कामं करतं: ढकलतं, वळवतं आणि पाण्यावर टेकून तोल धरतं. पायपट्टीने त्यातलं पहिलंच उचललं म्हणून ती फसली, असा माझा निष्कर्ष होता. दांड्याने पहिली दोन कामं केली, तिसऱ्यासाठी घोटे मोकळे सोडले. मला वाटलं, यादी पूर्ण झाली.

फेब्रुवारीत विजय पहिल्यांदा खऱ्या पर्यटकांसह निघाला. एका वळणावर त्याच्या पुढे गेलेली एक मुलगी घाबरून बोर्डवर बसली आणि आडवी झाली. विजय तिच्यापासून चार मीटरवर होता, सुकतीचं पाणी मागून ढकलत होतं. त्याने दांडा सोडला. बोर्ड थांबला नाही. दांडा उलट हलवून उपयोग नव्हता, कारण शेपटी दोन्ही फटक्यांना पुढेच ढकलते. तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हात पाण्यात घालून थांबला, तिच्या बोर्डपासून हातभर अंतरावर.

थांबवणं आणि मागे घेणं. वल्ह्याचं चौथं काम माझ्या वहीत नव्हतंच, कारण विजय ते करताना इतक्या सहज करायचा की मी त्याच्याबरोबर फिरूनही मला दिसलं नव्हतं.

यावर दोन मार्ग होते. शेपटी पूर्ण उलटी फिरवायची यंत्रणा, म्हणजे आणखी दोन सांधे, आणखी एक केबल, आणखी दीड किलो. किंवा एक आखूड वल्हं बोर्डवरच, हाताला लगेच येईल असं. मला पहिला मार्ग हवा होता, तो यंत्र म्हणून पूर्ण होता. विजयने दुसरा निवडला. डाव्या हाताने, खांद्याखालून, कंबरेजवळ दोन-तीन फटके मारून थांबण्याला त्याच्या डॉक्टरांची हरकत नव्हती. उथळ जागी शेपटी वर उचलून तो तसंही बांबूने रेटत होता. वल्ह्याच्या मुठीला बांबूचाच तुकडा लावून दोन्ही कामं एकात आणली. आज मला वाटतं की तो बरोबर होता. ज्याला ते रोज वापरायचंय त्याला जेवढं सांभाळता येतं तेवढंच यंत्र असावं.

निष्पत्ती

मेच्या शेवटापर्यंत, पावसाळ्यासाठी बोर्ड आत जाईपर्यंत, विजयने सकाळच्या बहुतेक फेऱ्या या दांड्यावर केल्या. शांत पाण्यात तो ताशी ४ ते साडेचार किमी सहज धरतो. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ सुकतीची ओढ जबर असते तेव्हा हे यंत्र तोकडं पडतं, आणि तिकडे न जाण्याचा नियम त्याने स्वतः केला. यंत्राचं वजन ९ किलोच्या वर आहे, मला ते ६ वर हवं होतं. पर्यटकांना तो ते देत नाही. मुठीचा सांधा त्यांच्यासमोर कसा वागेल याची आम्हा दोघांनाही खात्री नाही.

खांदा बरा झाला असं मी म्हणणार नाही. तो फिजिओथेरपीला जातो, रात्री दुखणं कमी आहे. त्याच्या बायकोने एवढंच सांगितलं की फेरीवरून आल्यावर आता तो शर्ट स्वतः काढतो.

पुन्हा केलं तर

सगळ्यांत आधी स्प्रिंग काटा. काहीही बनवण्याआधी बोर्ड ओढून पाहिला असता तर पायपट्टीचे तीन आठवडे आणि तिचे १४,००० रुपये वाचले असते, कारण ताकदीचा प्रश्नच नाही हे एका सकाळीत कळलं असतं. पायांच्या कल्पनेवर मात्र मी फुली मारत नाही. ३६ इंची बोर्ड असता तर आडवी ताठरता रुंदीच्या घनाने, म्हणजे जवळपास ४० टक्क्यांनी वाढली असती आणि पायपट्टी बहुधा तगली असती. आम्ही ३२ इंचाची अट पहिल्या दिवशी मान्य केली आणि ती किती महाग पडते हे विजयला कधी सांगितलंच नाही. त्याला तो हिशोब समोर ठेवून विचारायला हवं होतं. कदाचित त्याने एक रुंद बोर्ड घेतला असता.

दुसरं, वल्ह्याच्या कामांची यादी मी एकट्याने खोलीत बसून केली. विजयचं वल्हवणं दोन फेऱ्या मोबाइलवर चित्रित करून, संथ गतीने, त्याच्याशेजारी बसून पाहिलं असतं तर प्रत्येक वेळी वल्हं पाण्यात का गेलं हे त्यानेच सांगितलं असतं. नंतर आम्ही तसं केलं. एका फेरीत त्याने वल्हं ढकलण्याशिवाय दुसऱ्या कारणासाठी पाण्यात घातलं असे प्रसंग मोजताना आमची दोघांची बोटं संपली. त्यात एक पाचवं कामही निघालं: मागच्या माणसाला दिशा दाखवायला तो वल्हं आडवं धरून उचलतो. ते आता डाव्या हाताने आणि शिट्टीने होतं.

पहिला नमुना स्टीलचा करणं हीही घाई होती. लाकडी पट्ट्या, सुंभ आणि जुनी बिजागरी यांवर झोक्याची चाल आणि मुठीची उंची चार दिवसांत ठरली असती. मुठीची उंची आम्ही तीनदा बदलली आणि प्रत्येक वेळी वेल्डिंग कापावं लागलं.

सध्या पाऊस आहे. बोर्ड विजयच्या माळ्यावर हवा काढून ठेवलेत आणि दांडा माझ्याकडे कोल्हापुरात आहे. नाकाचं हलणं अजून बाकी आहे. पात्याच्या बिजागरीत दोन्ही बाजूंना रबराचे ठोकळे बसवून धक्क्याचं टोक बोथट होतं का, ते बघायचंय. विजयचा काल फोन आला होता. मालवणातल्या एका रापणवाल्या (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या) म्हाताऱ्यांचा गुडघा गेलाय, त्यांना बसून हाच दांडा मारता येईल का, असं तो विचारत होता. मी त्याला सांगितलं, आधी दोन दिवस त्यांच्याबरोबर होडीत बस, आणि ते वल्हं कधी कधी पाण्यात घालतात ते लिहून काढ.